बाराशे ताटे आणि पहिला रुपया
(गिरणगावातील खानावळवाल्यांच्या निर्णयाचा शोध)

मुंबईच्या गिरणगावाविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. गिरण्या, मालक, पुढारी, संप, शाहिरी, सारे त्यात आले. खानावळवाली बाई मात्र त्यात बहुतेक वेळा कडेला, चुलीपाशी बसलेली दिसते. घरच्या भाकऱ्यांबरोबर चार भाकऱ्या जास्त थापल्या आणि धंदा सुरू झाला, असे तिच्याबाबत गृहीत धरले जाते. स्वयंपाक येतच होता, चूल पेटलेलीच होती, मग अडचण कसली?

हे गृहीतच तपासून पाहायला हवे. घरात धंदा सुरू करावा की नाही, हा त्या बाईपुढचा खरा निर्णय होता, आणि त्याचे उत्तर हाताच्या चवीत नव्हते. ते पगाराच्या तारखेत होते.

गिऱ्हाईक दारात, पैसा लांब

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या काही दशकांत ताडदेव, परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरण्या उभ्या राहिल्या. कामगार आले ते मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून, आणि पुष्कळसे एकटे. बायकामुले गावी, जमिनीचा तुकडा गावी. इथे एका खोलीत गाववाल्यांबरोबर पथारी टाकायची आणि जेवायला खानावळीत जायचे. त्यामुळे खानावळवालीला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नव्हते. नवऱ्याच्या खात्यातले, गावातले, भावकीतले लोक आपणहून येत. रत्नागिरीकडच्या माणसाला मासळीचे कालवण हवे असे, घाटावरच्याला ज्वारी-बाजरीची भाकरी.

दुसरीकडे बाईला गिरणीतच काम मिळण्याची वाट अरुंद होत गेली. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्या बहुतेक रिळे भरण्याच्या आणि गुंडाळण्याच्या खात्यांत असत. बायकांना रात्रीचे काम कायद्याने बंद होते. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणाच्या भत्त्याचा बोजा मालकावर टाकला. पुढे यंत्रांची फेररचना झाली, तेव्हा ज्या खात्यांत बायका होत्या तीच आधी आकसली. नवरा आजारी किंवा बेकार, गिरणीत जागा नाही, अशा बाईला घरातली चूल हाच उरलेला कारखाना होता.

या कारखान्याची जागाही पाहावी. सरकारने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात स्वतःचे बिऱ्हाड, शेगडी, पिठाचे डबे, पाण्याची पिंपे आणि जेवणाऱ्यांच्या पंगती. गिरणीत पाळ्या सुरू झाल्यावर पंगतीही पाळ्यांप्रमाणे बसू लागल्या. पहिल्या पाळीसाठी पहाटे उठायचे, दुसऱ्या पाळीचा माणूस परतेपर्यंत जागायचे. जागा आणि वेळ घरचे असल्यामुळे फुकट वाटत, आणि म्हणूनच ताटाच्या दरात त्यांची किंमत धरली जात नसे.

तारखांचा हिशेब

आता मूळ मुद्दा. गिरणीचा पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपल्यावर बरेच दिवस थांबून मिळायचा. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने या उशिराला मर्यादा घातली: हजार किंवा अधिक कामगार असतील तिथे पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत पगार व्हावा. कायद्याआधी यापेक्षा जास्त दिवस थांबणे नेहमीचे होते.

कायद्याप्रमाणे सगळे वेळेवर झाले, असे धरून मी एक साधा हिशेब मांडतो. समजा एका बाईकडे पंधरा माणसे एक तारखेपासून दोन वेळ जेवू लागली. पहिला पैसा हातात येणार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला, म्हणजे चाळीस दिवसांनी. पंधरा माणसे, दोन वेळ, चाळीस दिवस: बाराशे ताटे. ती वाढून झाली की पहिला रुपया. तोपर्यंत तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल वाण्याकडून उधारीवर, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा. वाणी थांबला नाही तर सावकार, आणि सावकाराकडे ठेवायला अंगावरचे सोने.

बरे, दहा तारखेला पगार झाल्यावर तरी पाटी कोरी होते का? तर नाही. त्या दिवशी मागच्या महिन्याचे पैसे येतात, पण चालू महिन्याची दहा दिवसांची तीनशे ताटे आधीच गेलेली असतात. म्हणजे धंदा अगदी सुरळीत चालला, एकही गिऱ्हाईक बुडवे निघाले नाही, तरी उधारी दहा ते चाळीस दिवसांच्या मध्ये झुलत राहते. शून्यावर कधीच येत नाही.

एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ हा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप, किंवा १९७३-७४ चा संप या हिशेबावर ठेवून पाहिला की खानावळवालीची कोंडी स्पष्ट दिसते. पगार थांबला. जेवण बंद करावे, तर माणूस गावी निघून जातो आणि त्याच्याबरोबर मागची बाकीही जाते. चालू ठेवावे, तर रोज नवी ताटे उधारीत पडतात. संपकऱ्यांना उधारीवर जेवू घालणाऱ्या बायकांचा उल्लेख माया, जिव्हाळा, वर्गबंधुत्व अशा शब्दांत होतो. त्यात तथ्य आहेच. पण मागची बाकी जिवंत ठेवायची तर पुढचे ताट वाढण्यावाचून गत नव्हती, हेही तितकेच खरे.

दोन वाटा

हीच गाठ मुंबईतल्या दोन उपक्रमांनी दोन रीतींनी सोडवली.

पहिला गिरणगावाबाहेरचा, गिरगावातला. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासातील सात गुजराती गृहिणींनी छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. पहिल्या वर्षी पावसाळ्यात ऊन नसल्याने काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह अशी युक्ती काढली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची. पुढे लिज्जत नावाने वाढलेल्या या संस्थेची जी रीत बसली, तिच्यात लाटणारी बाई पीठ विकत घेत नाही आणि गिऱ्हाईकही शोधत नाही. तयार पीठ घरी न्यायचे, लाटलेले पापड आणून द्यायचे, मजुरी घ्यायची. नफातोटा सगळ्यांचा मिळून. तिने विचार करायचा तो एवढाच, की घर स्वच्छ आहे का आणि पापड वाळवायला जागा आहे का. उधारीचा प्रश्न तिच्या उंबऱ्याबाहेर राहिला. मात्र त्याबरोबर भाव ठरवण्याचा आणि स्वतःचे गिऱ्हाईक बांधण्याचा हक्कही बाहेर राहिला.

दुसरी वाट गिरणगावातच निघाली. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव मुंबईत कामगार चळवळीत काम करत होत्या. १९७३-७४ च्या संपात खानावळवाल्यांची अवस्था त्यांनी जवळून पाहिली. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, आणि १९७२ पासून गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची कर्जयोजनाही होती. परंतु ना जमीन, ना जामीन अशा बाईला बँकेच्या दारात कोण उभे करणार? १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झाले आणि बायकांनी एकमेकींची हमी घेतली. पहिल्या खेपेला १४ जणींनी कर्ज उचलले. बायकांचे पंगतीचे काम होते तसेच राहिले, गिऱ्हाईक ज्याचे त्याचे राहिले. बदलली ती फक्त बाराशे ताटांची रक्कम पुरवणारी व्यक्ती: सावकाराच्या जागी बँक आली.

एवढ्या एका बदलाने किती फरक पडला, आणि कुठे पडला नाही, तेही नोंदवायला हवे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा कधी पूर्ववत चालल्या नाहीत. स्वस्त कर्जाने तारखांमधले अंतर भरून निघत होते. पगारच संपला तेव्हा भरायला अंतरही उरले नाही. अन्नपूर्णेच्या बायका कार्यालयांना जेवण पुरवण्याकडे, केटरिंगकडे वळल्या. ज्यांना ते जमले नाही त्यांच्या खानावळी मिटल्या.

घरबसल्या धंदा करावा का, हा प्रश्न आजही डबे, फराळ, पोळीभाजीच्या निमित्ताने घरोघर विचारला जातो. चर्चा होते ती चव, वेळ आणि घरच्यांच्या पाठिंब्याची. गिरणगावच्या बायकांचा अनुभव त्यात एक प्रश्न जोडतो, आणि तो पहिल्या दिवसाआधीच कागदावर मांडता येतो: पहिला रुपया हातात येईपर्यंत किती ताटे वाढावी लागतील, आणि तोवर वाण्याचे पैसे कोणाच्या खिशातून जातील? खानावळवालीला हा हिशेब कुणी मांडून दिला नव्हता. तिला तो कळला तो दहा तारखेला, पगार झाल्यावरही वाण्याच्या वहीत तिच्या नावापुढे बाकी उरली तेव्हा.