मनाच्या दवाखान्याचा उंबरठा

गेल्या पावसाळ्यांत माझे एक जुने विद्यार्थी सायंकाळीं घरीं आले. चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, तरी ते उठेनात. अखेर त्यांनीं सांगितलें कीं, त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीला तीन महिन्यांपासून शाळेची वेळ झाली कीं ओकाऱ्या होतात. पोटाचे सर्व तपास निर्दोष निघाले, आणि आतां डॉक्टरांनीं मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला दिला आहे. "सर, तेथें नेमकें काय करतात?" असा त्यांचा प्रश्न होता. मी इतिहासाचा अध्यापक. वैद्यकाचा मला गंध नाहीं. परंतु ज्या दारापुढें मनुष्य अडखळतो त्याचा इतिहास ठाऊक असला, तर पाऊल टाकणें कांहींसें सोपें जातें. म्हणून त्यांना जें सांगितलें तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडतों.

अडखळण्यालाहि इतिहास आहे. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें. तेव्हांपासून कित्येक पिढ्या आपल्याकडे 'ठाणें' आणि 'येरवडा' या गांवांचीं नांवें वेडाला प्रतिशब्द म्हणून थट्टेनें वा धाकानें उच्चारलीं गेलीं. १९१२ चा कायदा तर नांवानेंच 'ल्यूनसी ॲक्ट' होता. मनाचा उपचार म्हटला कीं भिंत आणि कुलूप डोळ्यांपुढें यावें, हें त्यामुळें स्वाभाविकच झालें. पण बोलून बरें करण्याची जी विद्या, तिचा उगम भिंतीआड झाला नाहीं. तो एका घरांतील आजाऱ्याच्या खोलींत झाला.

१८८० च्या अखेरीस व्हिएन्ना येथें योसेफ ब्रॉयर नांवाचे डॉक्टर बेर्था पापेनहाइम या एकवीस वर्षांच्या मुलीवर उपचार करूं लागले. वडिलांची शुश्रूषा करतां करतां ती आजारी पडली होती. हातपाय जड पडत, दृष्टि बिघडे, आणि मातृभाषा जर्मन असतांना ती कांहीं काळ इंग्रजींतच बोले. ब्रॉयर रोज तिच्याजवळ बसून ऐकत, आणि एकेक आठवण बोलून टाकली कीं तिला हलकें वाटे. या प्रकाराला 'टॉकिंग क्यूअर', म्हणजे बोलण्याचा उपचार, हें नांव डॉक्टरांनीं दिलें नाहीं, तिनेंच दिलें. थट्टेनें ती त्याला धुराडें झाडणें असेंहि म्हणे. त्या खोलींत काय करतात, याचें पहिलें उत्तर हेंच कीं, तेथें पुष्कळसें बोलणें आपलें असतें आणि ऐकणें समोरच्याचें. आपल्या समाजांत सल्ला देणारे गल्लोगल्लीं भेटतात. मधें न बोलतां तासभर ऐकणारा विरळा.

मात्र या कथेचा उत्तरार्धहि सांगितला पाहिजे. १८९५ च्या ग्रंथांत ती बरी झाली असें चित्र आहे. पुढील संशोधकांना मात्र असें आढळलें कीं, १८८२ सालीं ब्रॉयरचा उपचार संपल्यावर तिला स्वित्झर्लंडमधील आरोग्यधामांत ठेवावें लागलें होतें. आणि तरीहि हीच बाई पुढें जर्मनींतील ज्यू स्त्रियांच्या चळवळीची अग्रणी झाली. १९०४ सालीं तिनें त्यांचा संघ स्थापन केला. तेव्हां दोन-चार भेटींत चमत्कार होईल अशी आशा धरूं नये, आणि मध्येंच प्रकृति उलटली म्हणून सारें फुकट गेलें असेंहि समजूं नये.

आतां मुलांची गोष्ट. १८९६ च्या मार्चांत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाकडे एका शिक्षिकेनें चौदा वर्षांचा मुलगा आणला. तो एरवीं हुशार, पण त्याचें शब्दलेखन कांहीं केल्या सुधारेना. विटमरनें प्रथम काय केलें? मुलाला उपदेश केला नाहीं. त्याचे डोळे तपासविले. दृष्टींत दोष निघाला, चष्मा दिला, आणि मग चिकाटीनें वाचन-लेखनाचा अभ्यास करून घेतला. अशा कामासाठीं निघालेलें हें जगांतील पहिलें चिकित्सालय मानतात. आजहि पहिल्या भेटींत जन्मापासूनचा वृत्तांत, झोप, भूक, शाळा, घरचीं माणसें, पूर्वींचे आजार यांची बारीक चौकशी होते, ती याच परंपरेनें. ती उलटतपासणी नव्हे, आणि पहिली भेट म्हणजे निकालहि नव्हे.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हां मला माझ्या वर्गांतला एक विद्यार्थी आठवला. तोंडीं उत्तरें उत्तम, पण लिहिलेलें वाचवत नसे. मी त्याच्या प्रत्येक वहीवर लाल शाईनें 'निष्काळजीपणा' असा शेरा मारीत असें. वर्षअखेरीस त्यानें कॉलेज सोडलें. फिलाडेल्फियाच्या त्या शिक्षिकेला जो प्रश्न सुचला तो मला सुचला नाहीं, ही बोच अद्याप गेलेली नाहीं.

भीतीच्या बाबतींत १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स यांनीं प्रसिद्ध केलेला प्रयोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पीटर नांवाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला भिई. त्याला दटावलें नाहीं, कीं सशाजवळ ओढत नेलें नाहीं. तो आवडीचा खाऊ खात असतांना पिंजरा दूर ठेवावयाचा, आणि तो सहन करील तितकाच दिवसेंदिवस जवळ आणावयाचा. मध्यंतरीं तो आजारी पडला, वाटेंत कुत्र्यानें घाबरविलें, आणि मिळविलेलें सारें गेलें. पुन्हां आरंभ केला, आणि अखेर तो सशाला बोटें कुरतडूं देऊं लागला. शाळेच्या भीतीवरहि आज पुष्कळदां असाच पायरीपायरीनें उपाय करतात.

हें सर्व परदेशचें खूळ आहे असें कोणी म्हणेल, तर मुंबईच्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कचें उदाहरण पाहावें. १९३६ सालीं निघालेल्या या संस्थेनें दुसऱ्याच वर्षीं मुलांसाठीं 'चाइल्ड गायडन्स क्लिनिक' उघडलें. वैद्य, मानसशास्त्रज्ञ आणि घरीं जाऊन परिस्थिति पाहणारा समाजसेवक या तिघांनीं मिळून मुलाचा विचार करावा, ही अमेरिकेंत रुजलेली पद्धति या चिकित्सालयांच्या मुळाशीं होती. म्हणूनच मुलाला दाखवावयास गेलें कीं आईबापांनाहि बसवून विचारतात.

येथपर्यंत ऐकून ते गृहस्थ उठले आणि दारांत थांबून ज्यासाठीं आले होते तें बोलले, "सर, दोष आमचाच निघेल काय? तिची आई रात्र रात्र झोपत नाहीं."

ही भीति निराधार आहे असें मला म्हणवेना. एके काळीं या शास्त्रानें आयांवर घोर अन्याय केला आहे. स्वमग्न मुलें आईच्या थंडपणामुळें तशीं होतात, हें मत विसाव्या शतकाच्या मध्याला बळावलें, आणि ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकानें तें लोकांत फार पसरलें. आधींच मुलाच्या दुःखानें खचलेल्या किती आया त्या शब्दाखालीं चिरडल्या असतील! पण त्याच्याहि आधीं, १९६४ सालीं, बर्नार्ड रिमलँड यांनीं त्या मताचें खंडन केलें होतें. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ, आणि अशाच एका मुलाचे वडील. आज तें मत शास्त्रानें टाकून दिलें आहे. तेव्हां आईबापांना प्रश्न विचारतात ते मदतीला घेण्यासाठीं. आणि कोणी आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करूं लागला, तर कारण विचारण्याचा, दुसऱ्याकडे जाण्याचा अधिकार आपला आहे. २०१७ च्या कायद्यानें उपचाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्कहि दिला आहे. जिवाला धोका असेल तेथें अर्थातच अपवाद.

"मग तिला घरून निघतांना काय सांगूं? पोटाच्याच डॉक्टरकडे जातों म्हणूं?" त्यांनीं विचारलें.

ॲना फ्रॉइड यांनीं १९२७ च्या आपल्या पुस्तकांत एक साधी गोष्ट सांगितली आहे : मोठा मनुष्य स्वतः होऊन उपचाराला येतो, मुलाला मात्र दुसरे आणतात, म्हणून प्रथम त्याचा विश्वास मिळवावा लागतो. जो विश्वास मिळवावयाचा, त्याचा आरंभ खोटें बोलून कसा करावा? मी म्हटलें, "तिला खरें सांगा. शाळेची भीति वाटते ती समजून घेणाऱ्या माणसाकडे जातों, तेथें टोचत नाहीं, रागावत नाहीं, आणि आम्हीहि बरोबर आहों, एवढें पुरे. आणि परत येतांना, तूं काय काय सांगितलेंस, असें मात्र विचारूं नका."

त्यांनीं छत्री उघडली आणि ते पावसांत निघून गेले. त्या रात्रीं मीं जुन्या वह्यांचा गठ्ठा काढून पाहिला. त्या मुलाची वही त्यांत नव्हती.