कागद वाचून दाखवणारा माणूस

सिंगापुरातल्या आपल्या बहुतेक मंडळींचा नोव्हेनाशी संबंध येतो तो दोन कारणांनी. एक टॅन टॉक सेंग हॉस्पिटल आणि दुसरे कर खात्याचे रेव्हेन्यू हाऊस. दोन्हीकडे माणूस हातात कागद घेऊनच जातो. मी याच भागात राहतो. इथल्या रस्त्यांच्या नावांमागचा इतिहास शोधण्याचा मला नाद आहे. त्या नादातच कळले की शेजारच्या बॅलेस्टिअर रोडवर, जिथे आज दिव्यांची दुकाने आणि खाणावळी आहेत, तिथे एके काळी उसाचा मळा होता.

जोसेफ बॅलेस्टिअर हा सिंगापुरातला पहिला अमेरिकन वकील, म्हणजे कॉन्सल. १८३० च्या दशकात त्याने इथे सुमारे १,००० एकरांचा मळा उभारण्याचा घाट घातला. १८४८ पर्यंत सारा डाव मोडला. कारणे अनेक होती, पण त्यातले एक निव्वळ कागदाचे होते. परदेशी साखर आपल्या बंदरात येऊ न देणाऱ्या मुलखांच्याच साखरेला ब्रिटनमध्ये जकातीची सवलत मिळे. सिंगापूर पडले खुले बंदर, तिथे कोणाची साखर अडवणार? तेव्हा इंग्रजी निशाणाखाली पिकलेल्या इथल्या साखरेवर परक्या साखरेची जकात बसे. बॅलेस्टिअर शिकलेला होता, हुद्देदार होता, गव्हर्नरच्या पंक्तीला बसणारा होता. तरीही नियमापुढे त्याचे चालले नाही.

मनात आले, कॉन्सलाची ही गत, तर त्याच शतकात आपल्याकडच्या कुणब्याचे काय झाले असेल? त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी मिळते.

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्याला रयत सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेली. ते लोण पुणे आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत पसरले. शाळेत आपण हे 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळींत शिकलो. त्यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की लोकांना हवे होते ते मुख्यतः कागद : कर्जरोखे, खते, हुकूमनामे. ते हाती आले की त्यांची होळी होई. माणसांना इजा फारशी झाली नाही.

कागदावर एवढा राग का? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतर कापसाला सोन्याचा भाव आला, कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. त्यातच नव्या पाहणीत काही तालुक्यांचा सारा वाढला. पण खरी मेख कायद्यात होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता : जुनी कर्जे उकरून रयतेला छळू नये. व्यवहारात झाले उलटेच. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई, त्यात व्याज मुद्दलात मिसळलेले असे. कुणब्याला वाचता येत नव्हते. तो खाली नांगराची निशाणी करी आणि घरी जाई. त्याच्या भल्यासाठी केलेला नियम त्याच्याच गळ्याला फास झाला.

पुढे दावा लागे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही आपली म्हण. कुणबी शहाणाच होता, तो कोर्टात जात नसे, आणि म्हणून त्याच्यावर एकतर्फी हुकूमनामा होई. मग जप्ती, मग जमीन.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर १८७९ साली 'डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट' हा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याखाली आले. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. दाव्याची मुदत वाढली. नुसता रोखा पुढे करून भागेना, कर्जाचा पहिल्यापासूनचा इतिहास न्यायाधीशाने तपासावा असे ठरले. हे सारे पुस्तकांत सापडते. मला थांबायला लावले ते त्यातल्या दुसऱ्या काही कलमांनी.

एक, गावोगावी रजिस्ट्रार नेमले गेले. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त त्याच्या देखरेखीखाली लिहिला जाई, मोठ्याने वाचून दाखवला जाई आणि मगच त्याच्यासमोर निशाणी होई. दोन, दाव्याआधी समेट घडवण्यासाठी कन्सिलिएटर नेमले. त्याचा दाखला असल्याशिवाय सावकाराला कोर्टाची वाट मोकळी नव्हती. तीन, भरलेल्या पैशाची पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क कुळाला मिळाला. चार, सावकार वकील घेऊन आला आणि शेतकरी एकटा असला, तर त्याच्यासाठी सरकारी वकील उभा करण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली.

म्हणजे १८७९ साली सरकारने एक गोष्ट मान्य केली : कायदा लिहून पुरत नाही, तो वाचून दाखवणारा माणूसही द्यावा लागतो.

मग साधले काय? थोडे साधले, थोडे हुकले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे या कायद्याखाली स्पेशल जज्ज होते. १८९३ मध्ये हायकोर्टात जाण्यापूर्वी काही वर्षे त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून खालच्या कोर्टांचे काम तपासले. पुष्कळ खोटी कर्जे उघडी पडली. पण सावकारही कच्चा नव्हता. त्याने गहाणखत सोडून खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. 'पैसे फेडलेस की जमीन परत', हे तोंडी. गावच्या रजिस्ट्रारने वाचून दाखवायचे ते खरेदीखत, आणि खरा करार कागदावर नाहीच! समेटाचा दाखलाही हळूहळू एक उपचार झाला, आणि या दोन्ही व्यवस्था पुढे गुंडाळल्या गेल्या.

याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. शेतकऱ्याकडून शाळांच्या नावाने पट्टी घ्यायची, त्याच्या पोरांना अक्षर मात्र मिळू द्यायचे नाही, आणि मग कचेरीतल्या कामगारांनी त्याच्या अज्ञानावर पोट भरायचे, असा त्यांचा आरोप होता. वाचून दाखवणारा माणूस दिला तरी तो कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न जोतीरावांनी सरकारच्या पुढे जाऊन विचारला.

त्याचे एक उत्तर पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८९६-९७ च्या दुष्काळात देऊन पाहिले. पीक बुडाले तर साऱ्यात सूट वा तहकुबी मिळावी, दुष्काळी कामावर मजुरी मिळावी, अशा तरतुदी सरकारच्याच नियमांत होत्या. पण त्या खेड्यात कोणाला ठाऊक? सभेची माणसे गावोगाव जाऊन ते नियम मराठीत समजावू लागली. टिळकांच्या 'केसरी'तूनही तेच सांगितले जाऊ लागले. सरकारचा नियम सरकारच्या रयतेला सांगणे, एवढाच काय तो गुन्हा! १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. अठरा वर्षांपूर्वी ज्या सरकारने स्वतःच कागद वाचणारा नेमला होता, त्यालाच आता दुसऱ्याने वाचलेला कागद सोसवेना.

आजचे काय, असे आपण विचाराल. सिंगापुरात शेतीला एकूण भूमीपैकी सुमारे १ टक्काच जागा उरली आहे, तीही सरकारी भाडेपट्ट्याने. परवाने मात्र ढीगभर. २०१९ साली स्थापन झालेली सिंगापूर फूड एजन्सी प्रत्येक फार्मला एक अधिकारी नेमून देते. त्याला म्हणतात 'अकाउंट मॅनेजर'. कोणता परवाना कोणत्या खात्याचा, हे त्याला विचारायचे. शेतकऱ्याने दहा दारे हिंडायची नाहीत. नाव आधुनिक आहे, पण कल्पना १८७९ च्या गावच्या रजिस्ट्रारची सख्खी नात शोभेल. तेवढ्याने शेती तरते असे मात्र नाही. २०३० पर्यंत गरजेच्या ३० टक्के अन्न इथेच पिकवण्याचे उद्दिष्ट २०१९ मध्ये जाहीर झाले होते, ते २०२५ मध्ये बाजूला ठेवून नवी उद्दिष्टे ठरवावी लागली. भाव आणि खर्च यांचे गणित कोणताही अधिकारी सोडवून देऊ शकत नाही.

महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदती घालून दिल्या. २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीत आपले पीक स्वतः नोंदवू शकतो. हे सारे चांगलेच आहे. पण संगणक कागद काढून देतो, समजावून देत नाही. आणेवारी, फेरफार, वारसनोंद हे शब्द पडद्यावर आले म्हणून सोपे होत नाहीत. बांधावर मोबाईल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आजही शेजारी कोणीतरी लागते.

हे मी आपल्या या पुरवणीत का लिहितो? आपल्यापैकी अनेकांची नावे अजून कुठल्या तरी गावच्या सातबाऱ्यावर आहेत, किंवा वडिलांच्या मागे तिथे चढायची आहेत. तिथे कचेरीच्या खेपा घालतो तो चुलतभाऊ. आपण फोनवर विचारतो, "अरे, एवढा वेळ का लागतो?" परदेशात आपले जीवन फॉर्म भरण्यातच गेले आहे. वर्क पास, पी. आर., मुलांच्या शाळा, कर. नियम वाचणे, अर्ज नीट लिहिणे, पोच मागणे, मुदत ध्यानात ठेवणे, या विद्येत आपण सारे पारंगत झालो आहोत. ती विद्या गावाकडे पाठवायला हुंडणावळ पडत नाही.

पुढच्या फोनवर "का लागतो" ऐवजी "कागदाचा फोटो पाठव, आपण दोघे मिळून वाचू" असे म्हणून पाहावे. दीडशे वर्षांपूर्वी सरकारला सुचलेले शहाणपण सरकारने टिकवले नाही. आपल्याला ते टिकवायला कोणाचा परवाना लागत नाही.