पैनगंगेकाठची एकच हंडी

पैनगंगेच्या उत्तर तीरावर, पलीकडे आदिलाबादचा तेलंगी मुलूख आणि अलीकडे वणीचा कापसाचा पट्टा अशा सरहद्दीवर वसलेल्या झरी जामणी तहसिलीतील कोलाम, गोंड आणि कुणबी कुटुंबांच्या चुलीचा इतिहास लिहावयाचा, तर त्याचा आरंभ पक्वान्नापासून नव्हे, हंडीपासून केला पाहिजे. कारण जेथे माणसे दिवसभर रानात राबून तिन्हीसांजेला परततात, सरपण डोक्यावरून वाहून आणावे लागते आणि घरात मोठे भांडे एकच असते, तेथे धान्य, डाळ, भाजी आणि लाभले तर मांस एकत्र शिजविणे ही हौस नसून संसाराची व्यवस्था असते. आणि ती व्यवस्था कशी बदलत गेली हे पाहणे म्हणजे या भूमीचाच इतिहास पाहणे होय.

इ.स. १५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड अकबराच्या स्वाधीन केले, आणि लवकरच अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची व परगण्यांची महसुली नोंद झाली. त्याच ग्रंथात बादशाही मुदपाकखान्याचेही जिन्नसवार टाचण आहे. त्यातील ‘बुघरा’ नावाच्या पदार्थास दहा शेर मांस, तीन शेर पीठ, दीड शेर तूप, एक शेर हरभरा, शिवाय गाजर, सलगम, पालक, आले असा साहित्यसंभार सांगितला आहे. मध्य आशियातील तुर्की लोकांकडून आलेला हा पदार्थ म्हणजे मांसाच्या रसात शिजविलेली कणीक. आणि ‘किमा शोरबा’ही त्याच यादीत त्याच्या शेजारी आहे. एकाच ग्रंथात एके ठिकाणी रयतेकडून काय यावे याचा हिशेब आणि दुसऱ्या ठिकाणी दरबारात काय शिजावे याचा हिशेब. रयतेच्या हंडीत काय शिजले, याला मात्र त्या दोन्ही हिशेबांत जागा नाही.

ती हंडी ज्वारीची होती. ज्वारीच्या पिठात गव्हाचा चिवटपणा नसल्यामुळे त्याचे लाटलेले तुकडे उकळत्या रसात टिकत नाहीत, विरघळून जातात. म्हणून या मुलखाने ज्वारी भरडून तिच्या कण्या शिजविल्या, पीठ आंबवून आंबील केली, गरम पाण्यात पीठ मळून भाकरी थापली. गहू हे सणावाराचे धान्य. तो घरी आला म्हणजे विदर्भातील गृहिणी तुरीच्या पातळ वरणाला हळद, तिखट, लसूण आणि जिरे यांची फोडणी देऊन, घट्ट मळलेल्या कणकेच्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे त्यात सोडी. हीच वरणफळे. कणकेतून सुटणाऱ्या सत्त्वाने वरण दाटसर होते, फळे वरणाचा स्वाद शोषून घेतात, आणि भात, पोळी, भाजी यांचा निराळा खटाटोप न करता सबंध कुटुंबाची पंगत उठते. बादशाही बुघऱ्याची आणि या वरणफळांची पाककृती तत्त्वतः एकच आहे. अंतर आहे ते खजिन्याचे, कारण तेथे जे काम दहा शेर मांसाने केले, ते येथे तुरीच्या डाळीने केले.

मांसाचा दिवस वेगळा असे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात ‘कर’ पाळतात. वर्षभर राबलेल्या बैलांचा सन्मान आदल्या दिवशी होतो आणि करीच्या दिवशी घरोघरी मटणाचा रस्सा शिजतो. चार घरे मिळून बोकड घेत आणि मांसाचे वाटे पाडीत. वाटा लहान आणि खाणारी तोंडे अधिक असली, की मांस बारीक चिरण्याचे शहाणपण कळते: खिमा लवकर शिजतो, सरपण वाचते, आणि प्रत्येकाच्या ताटलीत मांसाचा अंश पोहोचतो. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण व लाल तिखट यांत तो परतून पाणी घालावे, आणि उकळी आल्यावर कणकेची फळे सोडावीत, एवढीच कृती पुरेशी आहे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि पैनगंगा दोन अंमलांची सीमा झाली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या वर्षांत कापसाचा भाव चढला, १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला, आणि शेत पोटासाठी पेरावे की पेठेसाठी, हा प्रश्न वऱ्हाडच्या प्रत्येक बांधावर उभा राहिला. ज्या जिल्ह्यास १९०५ पर्यंत वणीचेच नाव होते, त्याची पुढे यवतमाळ म्हणून ओळख झाली ती कापसाचा जिल्हा म्हणून. ज्वारी हळूहळू मागे सरली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी खाल्ली, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त धान्य दुकानातील गहू गरिबाच्या घरी हक्काने आला. सणाचे धान्य रोजचे झाले. आज खिम्यात मॅकरोनी शिजविणारी मुलगीही आपल्या आजीच्या हंडीचीच रीत नव्या जिनसांनी चालवीत असते.

यास्तव खिमा-मॅकरोनीसारख्या जेवणास परके म्हणून हिणविणे किंवा नवलाई म्हणून डोक्यावर घेणे, ही दोन्ही मते मला अपुरी वाटतात. कणीक आणि मांस एका भांड्यात कोणी प्रथम घातले हा वाद फारसा फलदायी नाही. कोणाच्या वाट्याला किती आले आणि ते सर्वांना कसे पुरविले गेले, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. महसुलाच्या दप्तरात पिकांचे एकर सापडतील, परंतु कण्या किती वेळ शिजवाव्या, वाटा कसा पाडावा, फळे केव्हा सोडावीत, हे ज्ञान कोलामांच्या पोडांवरील, म्हणजे वस्त्यांवरील, आणि गावांतील वृद्ध स्त्रियांपाशी आहे. ते त्यांच्या हयातीत, त्यांच्या कोलामी, गोंडी वा वऱ्हाडी बोलीत लिहून घेणे, हे या तहसिलीच्या इतिहासलेखनाचे पहिले कर्तव्य आहे, आणि ते करावयास गावच्या शाळेतील वही पुरेशी आहे.