उतार, उतारू आणि सांगड : शिरूर–दौंड परिसरातील मोटरच्या नदीपार प्रवासाविषयी एक टिपण

महाराष्ट्रातील मोटरवाहतुकीचा इतिहास लिहिताना 1 जून 1948 ही तारीख प्रमाण धरण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. हा मार्ग कोरेगाव येथे भीमा आणि शिरूर येथे घोड नदी ओलांडतो. शिरूरला आसपासचे लोक ‘घोडनदी’ असेही म्हणतात. नदीच्या नावाने गाव ओळखले जावे, यात वाटसरूची दृष्टी दिसते. त्याच्या लेखी गाव गौण. नदी उतरता येते की नाही, हा प्रश्न मुख्य. मोटर आली म्हणून तो प्रश्न मिटला नाही. रस्त्यांचे इतिहासकार पुलांच्या तारखा नोंदवतात; पुलापूर्वीचा व्यवहार मात्र कागदांपेक्षा शब्दांत अधिक टिकून राहिला आहे.

‘उतार’ हा त्यांतील पहिला शब्द. आज त्याचा अर्थ रस्त्याची घसरण असा होतो. परंतु नदी जेथे चालत ओलांडता येते ती जागा, हाही त्याचा जुना व रूढ अर्थ आहे. जी नदी पायी ओलांडता येते ती ‘पायउतार’; सत्ताधाऱ्यांच्या पायउतार होण्याची भाषा पुढची. प्रवाशाला ‘उतारू’ म्हणतात तेही याच कुळातील होय. ‘उत्’ या उपसर्गाचा अर्थ ‘वर’ असा असताना मराठी ‘उतरणे’ खाली येण्याचा अर्थ का दाखवते, हे कोडे नदीकाठी बरेचसे सुटते. संस्कृत ‘उत्तरति’ म्हणजे पाण्यातून वर येतो, पार होतो. आणि पार होणारा मनुष्य पैलतीरी नावेतून खाली पाऊल टाकतो. ‘अव’ उपसर्गाच्या रूपाचा संसर्ग येथे नाकारता येणार नाही. तथापि ज्या अनुभवातून हा अर्थ वळला तो नावेचाच असावा.

बैलगाडीचा उतार मोटरचा उतार ठरेलच असे नव्हते. बैलगाडीचे चाक उंच, आस पाण्याच्या बरीच वर. मोटरचे यंत्र पुढे व खाली. त्याच्या पंख्याने उडवलेले पाणी ठिणगीच्या तारांवर पडले की गाडी पात्रात मधोमध बंद पडे. म्हणून जाणता चालक पाण्यात शिरण्यापूर्वी पंख्याचा पट्टा काढून ठेवी, पहिल्या गिअरमध्ये एकाच संथ गतीने जाई आणि पाण्यात असेतो गिअर बदलत नसे. काठावर चढल्यावरही भिजलेले ब्रेक सुकेपर्यंत त्यांचा भरवसा नसे. चाक वाळूत रुतले तर अखेर बैलजोडीच आणावी लागे. शब्दांतही हेच नाते दिसते. क्लच, गिअर, ब्रेक ही अवयवांची नावे परकी. परंतु विपत्तीची क्रियापदे बैलगाडीची आहेत. गाडी रुतते, अडते, खोळंबते. ‘पंक्चर’ हा ठळक अपवाद, कारण लोखंडी धावेच्या चाकाला ती व्याधी ठाऊकच नव्हती.

हौसेच्या आणि सुटीच्या मोटरप्रवासात या परिसराला महत्त्व आले ते अष्टविनायक यात्रेमुळे. रांजणगाव शिरूर तालुक्यात, नगर रस्त्यावरच असल्याने तेथे गाडी थेट देवळापर्यंत जाते. सिद्धटेकची गोष्ट निराळी. ते भीमेच्या उत्तर तीरावर, कर्जत तालुक्यात. दक्षिण तीरावर दौंड तालुक्यातील शिरापूर. पूल होण्यापूर्वी मोटर शिरापुरास ठेवायची आणि माणसांनी होडीने पलीकडे जायचे. नाहीतर दौंड, काष्टी, पेडगाव असा लांबचा वळसा घ्यायचा. 1878 साली खुल्या झालेल्या दौंड–मनमाड लोहमार्गाला भीमेवर पूल होता, पण तो आगगाडीपुरता. ‘तीर्थ’ शब्दाचा मूळ अर्थही नदी पार करण्याची जागा हाच आहे. मोटर अलीकडे ठेवून होडीत बसणारा यात्रेकरू तो मूळ अर्थ नकळत पाळत होता.

1980 साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमेचे गणित खालच्या अंगाने बदलले. फुगवट्याने जुने उतार बुडाले. जेथे उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असे तेथे विस्तीर्ण जलाशय झाला. परिणामी, पुलांच्या युगातच होडीची गरज वाढली. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान वादळात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले. इतिहासजमा मानलेली तर अजून लोकांच्या नित्य प्रवासाचा भाग आहे, हे या घटनेने दाखवले.

मोटरसह पाणी ओलांडण्याची नियमित सोय भीमेकाठी नव्हे, तर कोकणच्या खाड्यांवर झाली. दाभोळ–धोपावे ही फेरीबोट 2003 साली सुरू झाली. मुंबईचा भाऊचा धक्का ते मांडवा ही सेवा मार्च 2020 मध्ये. कोकणात अशा बोटीला सर्रास ‘जंगलजेटी’ म्हणतात. रानाशी तिचा काडीचाही संबंध नाही. केरळात मोटरी नेणाऱ्या बोटीला ‘जंकार’ म्हणतात आणि साध्या तराफ्याला ‘चंगाडम्’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पूर्व किनाऱ्यावरील जोडनौकांना ‘संगर’ म्हटले आहे. या शब्दांचा संबंध अभ्यासकांनी संस्कृत ‘संघाट’ शब्दाशी जोडला आहे, आणि मराठीतील त्याचा थेट वारस म्हणजे ‘सांगड’ : दोन होड्या एकत्र बांधून केलेले तरण्याचे साधन. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. ‘जंगल’ हे त्याच शब्दाचे समुद्रमार्गे परत आलेले आणि लोकांनी ओळखीच्या शब्दात बसवलेले रूप असण्याचा संभव मोठा आहे. तसे असेल तर घरी राहिलेला शब्द केवळ वाक्प्रचारात उरला, आणि परगावी गेलेला मोटरी वाहू लागला.