वरळीचा बेडूक आणि ठाण्याची रेल्वे

कल्याण-डोंबिवलीच्या ओढ्यानाल्यांत जीवाश्म सापडत नाहीत. शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यापासून हे मी मुलांना सांगत आले आहे. त्यांचे चेहरे उतरतात, म्हणून लगेच पुढचंही सांगते: जिथे सापडले ती जागा इथून लोकलने गाठता येते, आणि ते जगासमोर आणणाऱ्या माणसाचं आपल्या ठाण्याच्या रेल्वेशी जवळचं नातं आहे.

पाऊस ओसरला की मुलं खडवलीला भातसेवर, टिटवाळ्याला काळूवर सहलीला जातात आणि दप्तरात दगड भरून आणतात. “बाई, हे डायनासोरचं अंडं आहे ना?” हा प्रश्न दरवर्षी येतो. हातात असतो तो गोल, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा काळा दगड. बेसॉल्टला आधी चौकोनी भेगा पडतात, भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि आत गोळा उरतो. दुसरा गोळा वजनाने फसवतो. तो फोडला की आत पोकळी आणि पोकळीत चमकणारे स्फटिक निघतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर झिरपणाऱ्या पाण्याने त्यांत गारगोटी आणि झिओलाइट भरले. अंड्याला कवच असतं, आणि कवचावर भिंगाखाली बारीक छिद्रं दिसतात. या दगडांत तसं काही नसतं.

सगळ्यात देखणी फसगत मात्र नेच्याची. दगड फुटतो आणि सपाट बाजूवर काळी, नाजूक, फांद्याफांद्यांची नक्षी उमटलेली असते. कोणीही शपथेवर सांगेल की हे पानच आहे. ते मँगनीजचं असतं. पाणी भेगेतून मुरताना मँगनीजची संयुगं मागे ठेवत जातं आणि ती अशी फांद्यांसारखी पसरतात. खऱ्या पानाला मधली शीर असते, तिच्यातून उपशिरा ठरावीक रीतीने निघतात, पानाला कड असते. मँगनीजच्या नक्षीत शिरा नसतात, आणि ती बहुतेक वेळा भेगेच्या कडेपासून आत वाढत गेलेली असते. मुलांच्या हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं की हा फरक ती स्वतःच सांगतात. तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. अंडं नाही म्हणून रडवेली झालेली मुलगी पाच मिनिटांत झिओलाइटच्या स्फटिकांच्या कडा मोजायला लागते.

आपल्याकडे जीवाश्म का नाहीत, याचं उत्तर घाटात दिसतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. तापलेल्या लाव्हात कोणताही जीव टिकत नाही. दोन लाव्हांच्या मधल्या उसंतीत तळं साचलं, गाळ बसला, झाडं-प्राणी आले, तरच त्यांची खूण उरते. आपल्या बाजूला ही उसंत बहुतेक ठिकाणी थोडकीच होती. वरचा दगड जरा कुजला, त्याची तांबडी माती झाली, आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून झाकून टाकली. घाटातून जाताना काळ्या थरांच्या मध्ये जी तांबडी पट्टी दिसते, ती हीच. नागपूरकडे मात्र ही उसंत लांबली, म्हणून तिथे शिंपले, फळं, बिया दगडात सापडतात. आणि उसंत लांबली ती मुंबई बेटावर.

आता त्या माणसाकडे येते. जॉर्ज थॉमस क्लार्क हा इंग्रज इंजिनिअर. इंग्लंडमध्ये ब्रुनेलच्या हाताखाली रेल्वेचं काम करून तो 1843च्या सुमारास मुंबईला आला. सरकारने त्याला आधी देशी लोकांच्या वस्तीतल्या सांडपाण्याच्या व्यवस्थेचा अहवाल करायला सांगितलं, मग मिठागरांचा. मुंबई ते ठाणे रेल्वे करावी आणि ती पुढे घाटावर न्यावी, असा आग्रह धरणाऱ्यांत तो होता. 16 एप्रिल 1853ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, पुढच्या वर्षी खाडीवरून आणि पारसिकच्या डोंगराला बोगदे पाडून ती कल्याणला पोचली. तोवर क्लार्क मायदेशी परतला होता. इथली हवा सोसणार नाही म्हणून त्याने चीफ इंजिनिअरची जागा नाकारली होती.

परत जाण्याआधी, 1846मध्ये, मुंबईच्या आसपासच्या भूरचनेवर त्याने एक टिपण लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीकडे धाडलं. त्याला जोडून रिचर्ड ओवेनचं निवेदन 1847मध्ये छापलं गेलं. ‘डायनासोरिया’ हे नाव 1842मध्ये देणारा तोच ओवेन. त्यात त्याने मुंबईच्या दगडातल्या एका इवल्याशा बेडकाचं वर्णन केलं आणि त्याला ‘राना पुसिला’ असं नाव दिलं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या वरळीच्या काळ्या, पातळ पदरांच्या दगडात या बेडकांचे सांगाडे होते. गटारं, मिठागरं आणि रुळांचा मार्ग बघत हिंडणाऱ्या माणसाने दगडाकडेही तितक्याच लक्षाने पाहिलं, याचं मला कौतुक वाटतं. पायाखालची जमीन वाचणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. पुढे 1869मध्ये त्याने मुंबई आणि साष्टीसमोरच्या मुख्य भूमीवरच्या डाइकांवर लिहिलं. जुन्या थरांना चिरून वर आलेल्या आणि भिंतीसारख्या उभ्या थिजलेल्या लाव्हाच्या या पट्ट्या. साष्टीसमोरची मुख्य भूमी म्हणजे खाडीच्या अलीकडचा हा आपला मुलूख.

मुंबईत तेव्हा हेन्री जॉन कार्टर नावाचा लष्करी डॉक्टर होता. त्याने 1852मध्ये मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर मोठा निबंध लिहिला. वरळीच्या त्याच थरातल्या कासवाला दुसऱ्या एका डॉक्टरचं, लीथचं, नाव मिळालं. बेडकाची गोष्ट तिथे थांबली नाही. 1930मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियममधल्या नोबलने ते सांगाडे पुन्हा तपासले, आजच्या राना प्रजातीतून बाहेर काढले आणि ‘इंडोबट्राकस’ असं वेगळं नाव दिलं. त्याच्या मते या बेडकाचं नातं ऑस्ट्रेलियातल्या बेडकांशी जुळत होतं. भारत दक्षिणेकडच्या मोठ्या खंडापासून तुटून आला, याचा पुरावा वरळीच्या टेकडीत शोधता येतो, हे वर्गात सांगताना मी नकाशावर बोट फिरवून दाखवते. 2003मध्ये मुंबईतल्याच अंबोलीच्या खाणीतल्या कासवाला ‘सांकुकेमिस सेठनाय’ हे नाव मिळालं, ते झेवियर्स कॉलेजात भूशास्त्र शिकवलेल्या सेठना सरांवरून. दगड वाचायला शिकवणाऱ्या माणसाचं नाव दगडातल्या प्राण्याला मिळावं, यापरता सन्मान मला सुचत नाही.

खाडीतल्या शिंपल्यांचं मात्र वेगळं आहे. डुबीवाले बुडी मारून रेती काढत, त्या रेतीत शिंपले, कालवांची कवचं भरपूर असत. मुलं तीही जीवाश्म म्हणून आणतात. कवच अजून कवचच असेल, आतला चकचकीत थर शाबूत असेल, तर ते भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी ताजं. पण खाडीच्या चिखलालाही स्मृती आहे. 1875 ते 1880 या काळात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना ओहोटीच्या पातळीच्याही खाली शेकडो झाडांचे बुंधे सापडले, त्यांतले कितीतरी मुळांसकट उभे. झाडं खैराची होती. ज्या खैरापासून आपल्याकडचे कातकरी कात काढत, तोच खैर. काही खोडांना समुद्री किड्यांनी भोकं पाडली होती. म्हणजे जिथे आज समुद्र आहे तिथे कधी कोरडी जमीन आणि रान होतं, आणि ती जमीन खचून पाण्याखाली गेली. हे लिहून ठेवलं गेलं, कारण गोदीवरच्या इंजिनिअरांनी खोडं मोजली, लाकूड ओळखलं.

म्हणून मला आजच्या बोगद्यांची काळजी वाटते. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातला 7 किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. ठाणे-बोरिवली जोडबोगदा राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून. क्लार्क आणि कार्टरने जे थर वरवर पाहिले, त्यांच्या आत आपण आता शिरतो आहोत. वरळीच्या टेकडीवर वस्ती झाली, जुन्या खाणींवर इमारती उभ्या राहिल्या. इतका ताजा छेद पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. यंत्राच्या दातांखाली दगडाचा चुरा होतो हे मला कळतं. पण बोगद्यात उतरायचे उभे खड्डे आणि तोंडाकडचे भाग खणताना मोठे तुकडे निघतात. तिथे भूशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला उभं राहू दिलं, तर कामाचा एक तासही वाया जाणार नाही.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे या कामांवर इंजिनिअर आहेत, त्यांना मी नेमकं सांगून ठेवलं आहे. काळ्या कठीण दगडात अचानक हलका, पातळ पदरांचा, काळसर किंवा हिरवट दगड लागला, तर एक तुकडा बाजूला काढा आणि पदराच्या रेषेवर छिन्नी लावून उघडा. बेडूक लगेच शोधू नका. आधी भिंगातून सायप्रिस बघा: मिलिमीटरभर, घेवड्याच्या बीच्या आकाराची दोन झडपांची कवचं. ती गोड्या किंवा मचूळ पाण्यातली. ती दिसली तर तिथे तळं होतं. मग किती खोलीवर, कोणत्या थराखाली आणि कोणत्या थरावर हा दगड होता ते लिहून घ्या, तुकड्यावर नंबर घाला, आणि पवईला आयआयटीच्या भूविज्ञान विभागात किंवा झेवियर्समध्ये घेऊन जा.