विद्युतचुंबकीय अनुनादक आणि सापेक्षतेची परीक्षा : एक ऐतिहासिक आढावा (१८८७-२०१५)

प्रस्तावना
प्रकाशाचा वेग सर्व दिशांना समान असतो, हे विशिष्ट सापेक्षता सिद्धांताचे एक अधिष्ठान होय. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये हा सिद्धांत मांडल्यानंतरही त्यातील लॉरेन्ट्झ सममितीची प्रायोगिक परीक्षा थांबली नाही. या परीक्षेत अनुनादकाने बजावलेल्या भूमिकेचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

ईथरचा शोध
१८८७ मध्ये मायकेलसन व मोर्ले यांनी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे ईथरमधील पृथ्वीची गती मोजण्याचा प्रयत्न केला. व्यतिकरण पट्ट्यांचे अपेक्षित विस्थापन सुमारे ०.४ पट्टी होते. प्रत्यक्षात ते त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी आढळले.

अनुनादकाचा स्वीकार
दोन आरशांमध्ये कोंडलेली प्रकाशलहरी विशिष्ट वारंवारतांनाच टिकून राहते. या वारंवारता आरशांमधील अंतर आणि प्रकाशाचा वेग यांवरून ठरतात. वेग दिशेनुसार बदलत असेल, तर अनुनादक फिरवताच वारंवारताही बदलावयास हवी. वारंवारता अत्यंत अचूकतेने मोजता येत असल्याने या पद्धतीने परीक्षेचे स्वरूपच पालटले. १९७९ मध्ये ब्रिये व हॉल यांनी फिरत्या मंचावरील अनुनादकाशी जोडलेल्या लेसरची तुलना स्थिर लेसरशी केली. वारंवारतेतील सापेक्ष बदलाची मर्यादा १० च्या उणे १५ व्या घाताच्या पातळीवर आली. २००९ मध्ये बर्लिन व ड्युसेलडॉर्फ येथील गटांनी ती उणे १७ व्या घातापर्यंत नेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन-ऑस्ट्रेलियन प्रयोगात अतिशीत नीलमणी स्फटिकांचे दोन सूक्ष्मलहरी अनुनादक वर्षभर फिरवून उणे १८ वा घात गाठला गेला. सममितीचा भंग कोठेही आढळला नाही.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. स्फटिकाची लांबीही विद्युतचुंबकीय बलांवरच अवलंबून असते; त्यामुळे सममितीचा भंग झाल्यास लांबीही बदलू शकते. म्हणून अशा प्रयोगात केवळ प्रकाशाची नव्हे, तर प्रकाश व द्रव्य यांच्या परस्पर वर्तनाची परीक्षा होते.

निष्कर्ष
पुंजगुरुत्वाच्या काही सिद्धांतांनुसार ही सममिती अतिसूक्ष्म प्रमाणात भंगणे शक्य आहे. प्रत्येक नवी मर्यादा अशा कल्पनांचा अवकाश आकुंचित करते. १८८७ च्या नकारात्मक निष्कर्षाने ईथरची कल्पना डळमळीत केली. नंतरच्या नकारात्मक निष्कर्षांनी सापेक्षतेवरील विश्वास कोठवर सिद्ध आहे, ते सांगितले. संशोधनाचे मूल्य केवळ 'काय सापडले' यावर ठरवणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य विचारात घ्यावा.