भारतातील स्त्रियांचे प्रजननविषयक निर्णयस्वातंत्र्य

प्रजननविषयक निर्णयस्वातंत्र्य म्हणजे मूल हवे की नको, हवे असल्यास केव्हा आणि किती, गर्भनिरोधनाचे कोणते साधन वापरावे, तसेच गर्भारपण व बाळंतपणात कोणते उपचार स्वीकारावेत, हे पुरेशा माहितीच्या आधारे व दबावाविना ठरविण्याचा व्यक्तीचा अधिकार होय. भारतात १९५२ साली राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या काळात लोकसंख्या नियंत्रणाचे शासकीय धोरण आणि स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरील अधिकार यांच्यात अनेकदा संघर्ष झाला. या विषयावरील आजचा कायदा आणि आरोग्यसेवेचे नियम या संघर्षातून घडत गेले आहेत.

संकल्पना

निवड खऱ्या अर्थाने मुक्त असण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या जातात. पहिली, एकाहून अधिक साधने प्रत्यक्षात उपलब्ध असणे. दुसरी, प्रत्येक साधनाचे फायदे, दुष्परिणाम व मर्यादा समजेल अशा भाषेत सांगितल्या जाणे. तिसरी, नकार देण्याची अथवा निर्णय बदलण्याची मुभा असणे. यांपैकी एखादी गोष्ट नसेल, तर संमतिपत्रावर सही किंवा अंगठा असला तरी तिला माहितीपूर्ण संमती म्हणता येत नाही. १९९४ साली कैरो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या व विकास परिषदेने लोकसंख्याविषयक धोरणाचा भर संख्येच्या उद्दिष्टांवरून व्यक्तीच्या प्रजनन आरोग्यावर व हक्कांवर आणला. भारतानेही ही भूमिका स्वीकारली.

इतिहास

प्रारंभीची चळवळ

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे आरोग्य खालावते आणि संततिनियमनाची साधने वापरण्याचा तिला हक्क आहे, असे ते सातत्याने मांडत. या लेखनामुळे त्यांच्यावर अश्लीलतेच्या आरोपाखाली खटले भरण्यात आले. त्यांपैकी एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई प्रांताच्या विधिमंडळात आंबेडकरांच्या पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा प्रस्ताव मांडला. तो संमत झाला नाही. शकुंतला परांजपे यांनी १९३८ पासून पुण्यात संततिनियमनाचे कार्य केले. १९४९ साली धनवंती रामा राव व आवाबाई वाडिया यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली.

उद्दिष्टे आणि आणीबाणी

१९५२ च्या कार्यक्रमात आरंभी दवाखान्यांतून सल्ला देण्यावर भर होता. १९६५ पासून लूप या गर्भाशयांतर्गत साधनाचा मोठ्या प्रमाणावर प्रसार करण्यात आला. लूप बसविल्यानंतर रक्तस्राव व वेदना झालेल्या स्त्रियांची पुढील तपासणी अनेक ठिकाणी होऊ शकली नाही, त्यामुळे साधनाविषयी भीती पसरली आणि वापर घटला. याच दशकात कर्मचाऱ्यांना ठराविक संख्येची उद्दिष्टे देण्याची पद्धत रूढ झाली.

आणीबाणीच्या काळात ही पद्धत सक्तीच्या टोकाला गेली. १९७६–७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत पुरुषांचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश होते. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले, परंतु त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. १९७७ नंतर कार्यक्रमाचे नाव 'कुटुंबकल्याण' असे करण्यात आले. पुरुष नसबंदीविषयीचा रोष लक्षात घेऊन शासकीय यंत्रणेने तिचा आग्रह सोडला, मात्र उद्दिष्टे कायम राहिली. परिणामी नसबंदीचा भार जवळजवळ पूर्णपणे स्त्रियांवर आला.

उद्दिष्टमुक्त धोरण

एप्रिल १९९६ मध्ये केंद्र सरकारने देशभर उद्दिष्टमुक्त पद्धत लागू केली. राष्ट्रीय लोकसंख्या धोरण २००० मध्ये ऐच्छिक व माहितीपूर्ण निवडीचे तत्त्व नमूद करण्यात आले. तरीही अनेक राज्यांत अपेक्षित शस्त्रक्रियांची संख्या ठरविणे आणि शिबिरे भरविणे सुरूच राहिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्यानंतर किमान १३ स्त्रियांचा मृत्यू झाला.

कायदा आणि न्यायनिर्णय

गर्भपात

शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींनंतर वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१ संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. या कायद्यानुसार प्रौढ स्त्रीच्या गर्भपातासाठी केवळ तिची स्वतःची संमती आवश्यक आहे. पतीची अथवा सासरच्यांची संमती लागत नाही. स्त्री १८ वर्षांखालील असल्यास पालकाची लेखी संमती लागते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे असते, तर बलात्कारपीडित स्त्रिया, अल्पवयीन मुली आदी विशिष्ट गटांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते. गर्भात गंभीर विकृती असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने ही मर्यादा लागू राहत नाही. गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्याच्या तरतुदीतील 'विवाहित स्त्री व तिचा पती' या शब्दांऐवजी 'स्त्री व तिचा जोडीदार' असा बदलही करण्यात आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ घेता येईल, असा निर्णय दिला.

भारतीय कायद्यात गर्भपात हा स्त्रीच्या केवळ इच्छेवर मिळणारा हक्क नाही. कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण आहे असे डॉक्टरांचे मत होणे आवश्यक असते.

संमती आणि नसबंदी

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात माहितीपूर्ण संमतीची तत्त्वे स्पष्ट केली. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व बीजांडकोश तिच्या आईच्या संमतीने काढण्यात आले होते. प्रौढ व सक्षम रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली अशी संमती वैध नाही आणि तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. २००९ च्या सुचिता श्रीवास्तव खटल्यात प्रजननविषयक निवड ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले.

जानेवारी २०१२ मध्ये बिहारमधील अररिया जिल्ह्यात एका शाळेत सुमारे दोन तासांत ५३ स्त्रियांची नसबंदी करण्यात आली. याविरुद्ध दाखल झालेल्या देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे, तसेच संमतिपत्र स्थानिक भाषेत देण्याचे निर्देश दिले. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नसबंदीसाठी जोडीदाराची संमती आवश्यक नाही.

गर्भनिरोधनाची साधने

सरकारी आरोग्यसेवेत निरोध, गर्भनिरोधक गोळ्या, तातडीच्या गोळ्या, तांबी आणि स्त्री व पुरुष नसबंदी ही साधने उपलब्ध असतात. २०१७ पासून त्यांत दोन साधनांची भर पडली. 'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. 'छाया' ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेली संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर आठवड्यातून एकदा घेतात.

प्रत्येक साधन प्रत्येक स्त्रीस सोयीचे नसते. अंतरामुळे पाळी अनियमित होऊ शकते आणि इंजेक्शन थांबविल्यावर गर्भधारणेस काही महिने लागू शकतात. तांबीमुळे आरंभी पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. नसबंदी कायमस्वरूपी समजूनच करावयाची असते. तांबी व नसबंदीपासून लैंगिक संसर्गाविरुद्ध संरक्षण मिळत नाही, ते निरोधमुळे मिळते. या बाबी आधी सांगितल्यास स्त्रीला योग्य साधन निवडता येते आणि त्रास झाल्यास न घाबरता परत दवाखान्यात येता येते. प्रसूतीनंतर लगेच तांबी बसवायची असल्यास समुपदेशन गर्भारपणातील तपासण्यांच्या वेळीच करणे अपेक्षित आहे. कळा सुरू असताना घेतलेली घाईची संमती योग्य मानली जात नाही.

गर्भारपण, बाळंतपण आणि गर्भाशयविषयक उपचार

२००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेनंतर रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण वाढले. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८–२० या काळात भारतातील माता मृत्यू प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. रुग्णालयात पोहोचणे आणि तेथे सन्मानाची वागणूक मिळणे या भिन्न गोष्टी असल्याने २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'लक्ष्य' हा उपक्रम सुरू केला. प्रसूतिकक्षातील सेवेचा दर्जा सुधारणे आणि सन्मानपूर्वक प्रसूतिसेवा देणे, हे त्याचे उद्देश आहेत.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात महत्त्वाचा मानला जातो. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे त्यात आढळले. स्त्रीआरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण व नसबंदी नव्हे, हे त्यातून पुढे आले. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न चर्चेत आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांत काम बुडाल्यास होणारा दंड, फडावर स्वच्छतागृहांचा अभाव आणि कर्करोगाची दाखविलेली भीती, ही कारणे या संदर्भात पुढे आली.

सद्यस्थिती

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) भारताचा एकूण जननदर २.० आहे. १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झाली होती, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. निरोधचा वापर ९.५, गोळ्यांचा ५.१ आणि तांबीचा २.१ टक्के होता. साधनाचे दुष्परिणाम सांगितले गेल्याचे ६२.४ टक्के वापरकर्त्या स्त्रियांनी नोंदविले. ९.४ टक्के विवाहित स्त्रियांची गर्भनिरोधनाची गरज अपूर्ण होती. सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण सरकारी रुग्णालयांत १४.३, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते.

मतभेद

दोन अपत्यांचा नियम हा वादाचा विषय आहे. महाराष्ट्रात दोनहून अधिक अपत्ये असणारी व्यक्ती स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीस अपात्र ठरते, तर २००५ च्या नियमांनुसार शासकीय सेवेत प्रवेशासाठीही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन द्यावे लागते. हरियाणातील अशाच तरतुदीची वैधता सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केली. अशा नियमांमुळे लहान कुटुंबाचा आदर्श समाजापुढे येतो, असे समर्थकांचे म्हणणे आहे. ज्या घरांत अपत्यांच्या संख्येचा निर्णय स्त्रीच्या हाती नसतो, तेथे त्या निर्णयाची शिक्षा मात्र तिला भोगावी लागते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे.

इंजेक्शनद्वारे गर्भनिरोधनालाही स्त्री संघटनांनी दीर्घकाळ विरोध केला. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, सहेली, चिंगारी आदी संघटनांनी नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. वैद्यकीय देखरेख अपुरी असताना असे साधन देणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. साधनांची संख्या वाढविल्याने स्त्रीची निवड विस्तारते, अशी दुसरी बाजू आहे.

हे सुद्धा पहा

* रघुनाथ धोंडो कर्वे
* शकुंतला परांजपे
* कुटुंबनियोजन
* वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१
* माता मृत्यू